गाडी न्यूट्रलला होती

मार्च १९९३, शुक्रवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास. कळस, आमच्या रोपवाटिकेचं पत्र्याचं शेड.

हजर माणसं चार. दत्तू मिस्त्री, पिंपळीचे — जीपचं बॉनेट उघडून बाजूने इंजिनावर वाकलेले. माझे सासरे तात्या — शेडच्या दाराशी खाटेवर. मोतीबिंदूमुळे त्यांना दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. माझे यजमान — हिरव्या जाळीच्या पलीकडे, एका गिऱ्हाइकाला डाळिंबाची रोपं मोजून देत होते. आणि मी. मी जीपमध्ये बसले होते, ड्रायव्हरच्या जागेवर.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. यापुढचं कुणालाच माहीत नाही. सहा वर्षांत मी ते यांना सांगितलं नाही, तात्यांना त्यांच्या शेवटच्या दुखण्यात सांगितलं नाही, माहेरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते तेव्हाही ओठांवर येऊन मागे गेलं. तुम्हाला सांगते आहे. का — ते मलाही नीट कळत नाही. कदाचित तुम्ही दत्तू मिस्त्रींना ओळखत नाही म्हणून.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. रोपवाटिकेचा सगळा कारभार माझ्याकडे असतो — कुठल्या वाफ्यात किती गुटी कलमं, कोणाची मागणी किती, औषध कधी मारलं. उशाशी वही असते. आमचे हे लोकांना सांगतात, "हिला यम न्यायला आला ना, तर त्यालाच म्हणंल, थांबा, आधी काय काय न्यायचं त्याची यादी करू." लोक हसतात, मीही हसते. माझ्या वहीत चूक नसते असं घरात आणि गावात धरून चालतात. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं, म्हणून आधी सांगितलं.

आता जीपचं. आमच्या घरात तात्यांपर्यंत मेंढरं होती. दिवाळी झाली की तात्या कळप घेऊन खाली कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचे. यांनी ते सोडून डाळिंब धरलं, मग रोपं करायला लागलो. रोपं पोचवायची म्हणजे रान तुडवावं लागतं. आमच्याकडची काळी जमीन, पाटाचं पाणी सुटलं की टेम्पो आत घातला तर संध्याकाळी ट्रॅक्टर लावूनच बाहेर काढायचा. म्हणून यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली, चारही चाकं ओढणारी. ती कुठेही जायची. पण पेट्रोल प्यायची. तात्या म्हणायचे, "घोडं झ्याक हाय, पर दाणा लई खातंय."

तेव्हा आमच्या भागात अशा जिपांची पेट्रोलची इंजिनं काढून डिझेलची बसवायची लाटच आली होती. आणि हे काम करावं तर पिंपळीच्या दत्तू मिस्त्रींनी, असं बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणीही सांगायचं. मोडीतल्या एका टेम्पोचं इंजिन यांनी मिळवलं. जीप तोवर बंदच पडली होती, म्हणून मिस्त्री लुनावर बसून रोज आमच्याकडेच यायचे. शेडमध्ये तीन बल्ल्यांची तिपाई उभी केली, तिला साखळीची कप्पी टांगली आणि जुनं इंजिन उचलून बाहेर काढलं.

तुम्ही असं काम कधी बघितलं नसेल तर थोडं सांगते. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स एकमेकांना ओळखत नाहीत. भोकं जुळत नाहीत, दांडा जुळत नाही. मधे एक जाड लोखंडी पत्रा कातून घालावा लागतो. मिस्त्री इंजिनाच्या तोंडाला ग्रीस फासायचे, त्यावर पुठ्ठा दाबायचे, भोकांचे ठसे उठले की तो पुठ्ठा घेऊन बारामतीला लेथवर जायचे. पत्रा बसवला की डोळे मिटून त्याच्या कडेवरून बोट फिरवायचे. केसाएवढी कड वर असली तरी थांबायचे. मी एकदा विचारलं, बघून कळत नाही का? म्हणाले, "डोळ्याला सगळं सारकंच दिसतंय वैनी. बोटाला कळतंय."

बोटाला. हे मी मुद्दाम लिहिलं असं वाटेल तुम्हाला. नाही — ते खरंच असं म्हणाले होते, पहिल्या आठवड्यात.

त्यांचं माझं चांगलं जमलं. सुटलेले नट-बोल्ट ते जमिनीवर फडक्यात मांडून ठेवायचे, ते मला बघवेना. मी रिकामे डबे आणले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली — गिअरबॉक्स वरचे सहा, खालचे चार, रेडिएटर दोन. वहीत एक पान काढलं आणि राहिलेल्या कामांची यादी केली. मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेले, वाचायला त्यांना वेळ लागायचा. पण दुपारी भाकरी खाताना ते वही पुढ्यात घेऊन एकेका ओळीवर बोट ठेवायचे आणि मला वाचून दाखवायला लावायचे. यांनी कधी काही विचारलं तर म्हणायचे, "वैनींच्या वहीत हाय म्हंजी हाय. आपलं काय बोलायचं काम न्हाय."

त्या यादीत नववी ओळ होती, बंद करायची वायर.

पेट्रोलचं इंजिन किल्ली फिरवली की थांबतं. डिझेलचं तसं नसतं. किल्ली काढून खिशात घाला, ते चालूच राहतं. त्याचं डिझेल तोडावं लागतं. इंजिनाच्या अंगाला एक छोटी पट्टी असते, ती दाबून धरली की थांबतं. त्या पट्टीला वायर जोडून ती ड्रायव्हरच्या हाताशी आणायची असते. आमच्याकडे विहिरीवरची इंजिनं सगळ्यांनी चालवलेली. तिथे वायरबियर काही नसतं, जवळ जायचं, हाताने दाबायचं. त्यामुळे जीपचं इंजिन तसंच हाताने बंद करण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मिस्त्रींना मात्र वाटलं. ते म्हणाले, "हिरीवरचं इंजिन जाग्यावर असतंय. ह्येला चाकं हायती. वायर बसल्याबिगर मी गाडी शेडच्या भाईर काढू देणार न्हाय."

वायर मी आणायची होती. मंगळवारी मी बारामतीला गेले — जाळी, रोपांच्या पिशव्या, बुरशीचं औषध आणि वायर. माझी एक सवय आहे, कुणाला माहीत नसलेली. घरातून निघतानाच मी यादीवर खुणा करून टाकते. आणायचं ठरवलं म्हणजे आणलंच, असा माझा स्वतःवर भरवसा. वायर सगळ्यात शेवटी ठेवली होती. दुकान दुपारचं बंद. उघडायला तास होता आणि माझी एसटी वीस मिनिटांत. आले निघून.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी वही बघितली. नवव्या ओळीवर खूण. "आली का वैनी वायर?" मी काय म्हणायला हवं होतं? नाही आली, उद्या आणते — एवढंच. पण खूण केलेली होती. मी म्हटलं, सांगून आले आहे, दुकानदार शुक्रवारच्या एसटीबरोबर पाठवतो आहे. मिस्त्रींनी मान डोलावली. दुकानदाराशी मी बोललेच नव्हते.

हाच तो दोष, असं तुम्हाला वाटेल. एवढ्यावर थांबता आलं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते.

शुक्रवारी इंजिन पहिल्यांदा चालू झालं. पहिल्याच फेऱ्यात. मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली, आणि त्यांचा चेहरा — मी त्यांना त्यापूर्वी तसं हसताना बघितलं नव्हतं. पाय ठेवायला कुणीतरी हवं होतं म्हणून मी गाडीत बसले होते. गिअरची दांडी न्यूट्रलला ठेवायची, सांगतील तेव्हा रेस द्यायची, सांगतील तेव्हा सोडायची, एवढंच माझं काम. गाडी मागे घरंगळू नये म्हणून मागच्या चाकांमागे विटा लावल्या होत्या, कारण शेडच्या जमिनीला मागे उतार होता. पुढे काही नव्हतं. ते कुणाच्या मनातच आलं नाही.

मिस्त्री फडक्याला हात पुसत तात्यांना म्हणाले, "तात्या, घोडं आता कडबा खातंय बघा."

तात्या म्हणाले, "व्हय, पर खिंकाळतंय लई."

दोघं हसले. इंजिन धडधडत होतं आणि मी एकटी, हातात स्टिअरिंग.

मला गाडी शिकायची होती. हे तर तुमच्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही. यांना एकदा नुसतं विचारून बघितलं होतं, तर म्हणाले, "तू यादी कर, गाडी मी चालवतो." वाईट हेतूने नाही, चेष्टेने. पण मी पुन्हा विचारलं नाही. आणि त्या दिवशी गाडी माझ्या पायाखाली थरथरत होती, कुणी बघत नव्हतं. मी क्लच दाबला आणि दांडी पहिल्या गिअरात टाकली. खट् आवाज आला. फक्त हाताला कसं लागतं ते बघायचं होतं. लगेच काढणारच होते. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "बंद करतो वैनी," आणि पट्टी दाबायला वाकले. इंजिनाचा आवाज खाली आला. मला वाटलं, झालं बंद.

मी क्लचवरचा पाय उचलला.

जीप पुढे उडली — दोन हात, फार तर. मिस्त्रींचा तोल गेला आणि त्यांचा उजवा हात इंजिनापुढच्या फिरत्या पंख्यात गेला. मग इंजिन आचका देऊन थांबलं.

इथपर्यंत अपघात आहे. मूर्खपणा आहे, पण अपघात. एवढं सांगितलं असतं तर लोकांनी मला चार शब्द सुनावले असते, आणि मिस्त्रींनी — मला खात्री आहे — मला वाचवलं असतं. म्हणाले असते, मीच वायर बसायच्या आधी चालू करायला नको होती.

पण मिस्त्रींच्या तोंडून तो आवाज निघाला तेव्हा मी पहिलं काय केलं? उतरले? हाक मारली? नाही. माझा हात गिअरच्या दांडीकडे गेला. मी क्लच दाबला, दांडी ओढून मधोमध आणली. डावी-उजवीकडे हलवून बघितली, मोकळी आहे ना. मग उतरले. मग ओरडले.

त्याला किती वेळ लागला असेल? एक श्वास. त्या एका श्वासात मी सगळं नीट लावून ठेवलं होतं. मला कुणी शिकवलं नव्हतं.

मिस्त्री जमिनीवर बसले होते, उपरण्यात हात दाबून धरलेला. रडत नव्हते. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, अगदी कामाच्या आवाजात, जसं पाना कुठाय विचारावं तसं — "वैनी, गिअरात हुती का?"

मी म्हटलं, "नाही. गाडी न्यूट्रलला होती. आपोआप उडी मारली."

हे धावत आले. त्यांनी जीपमध्ये डोकावून दांडी बघितली. न्यूट्रलला होती. पुढे ते सगळ्यांना सांगायचे, "मी सोता बघितलं की." त्यांची साक्ष खरी होती. मी त्यांना खोट्या जागेवर नेऊन उभं केलं होतं.

शेजारच्यांच्या गाडीतून बारामतीला नेलं. तीन बोटं गेली — तर्जनी, मधलं, त्याच्या शेजारचं. अंगठा आणि करंगळी राहिली. मी रोज डबा पाठवला. कुठल्या दिवशी काय पाठवलं याची यादी माझ्याकडे आहे.

आता मला वाटत होतं, काही दिवसांत विषय मिटेल. मोडक्या गाड्यांत अशा गोष्टी होतात, नशीब म्हणायचं आणि सोडायचं. पण दत्तू मिस्त्री सोडणारे नव्हते, हे मी कसं विसरले? केसाएवढ्या कडेसाठी थांबणारा माणूस.

मे महिन्यात ते आले. हाताला अजून पट्टी. म्हणाले, गिअरबॉक्स उघडायचा आहे. न्यूट्रलमधली गाडी पुढे जाते म्हणजे आत काहीतरी माझ्याकडून चुकलं आहे, ते काढल्याशिवाय तुम्ही ही गाडी वापरायची नाही. डाव्या हाताने पाना धरून त्यांनी एकेक बोल्ट सोडला. मी पुन्हा डबे मांडले, पुन्हा चिठ्ठ्या लावल्या. काही सापडलं नाही. तेव्हा त्यांनी मला बसून समजावून सांगितलं — कधी कधी काय होतं, वरची दांडी न्यूट्रल दाखवते पण आतला गिअर अडकलेलाच राहतो. झाकणाखालची खाच झिजली की असं होतं. "तुमाला दांडी मधी दिसली, पर आत गाडी गिअरात हुती. असंच झालं असणार वैनी. तुमची काय चूक न्हाय."

माझ्या खोट्याला कारण त्यांनीच शोधून दिलं. आणि मला काय वाटलं ते सांगू? हलकं वाटलं. त्या क्षणी शरम नाही, हलकं. त्या रात्री मला झोप लागली.

खाच त्यांनी भरून घेतली, घासली, बसवली. जीप चालू लागली. दिवाळीच्या आधी ते पुन्हा आले, पुन्हा उघडली. पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा. दर वेळी निघताना एकच प्रश्न — "एकदा नीट आठवून सांगा वैनी. दांडी नेमकी कुठं हुती?" दर वेळी मी सांगितलं, मधोमध. पहिल्यांदा माझा आवाज थोडा कापला असेल. तिसऱ्या वेळी नाही.

त्यांनी मला एकदाही खोटी ठरवलं नाही. स्वतःच्या कामावर संशय घेतला, बोटांवर घेतला, पण माझ्यावर नाही. वैनींच्या वहीत हाय म्हंजी हाय.

बातमी पसरायला काय लागतं? कळसच्या चौकात चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं. मिस्त्री तिथे लुना लावून उभे होते आणि कुणीतरी बाकावरून म्हणालं, "मिस्त्री, तुमी क्येलेली गाडी रातच्याला दावणीला बांधावी लागती म्हणं. न्हाईतर आपली आपली चरायला जाती." बाकीचे हसले. मिस्त्रींनीही हसून साजरं केलं, चहा अर्धा ठेवून निघाले. मी दहा पावलांवर पिशवी धरून उभी होते. ज्यांनी जिपा डिझेल करायला दिल्या होत्या त्यांनी परत नेल्या. आणि ज्यांचा तरीही विश्वास होता, त्यांना मिस्त्रींनीच नाही म्हटलं. यांना ते म्हणाले होते, "माजी चूक माज्याच हाताला गावंना. मग दुसऱ्याची गाडी कुठल्या तोंडानं उघडू? आज बोटं माजी गेली, उद्या दुसऱ्याचं पाय जातील."

तीन बोटांनी त्यांचा धंदा बसला नाही, हे तुम्हाला कळतंय ना? डाव्या हाताने ते काम करायला शिकले होते. धंदा बसला तो त्या चुकीपायी, जी झालीच नव्हती.

एकदा त्यांच्या बायको आल्या. शांताबाई. एकट्याच, एसटीने, ओटीत घरच्या शेंगा घेऊन. मी चहा ठेवला. त्या म्हणाल्या, "वैनी, ह्ये झोपत न्हाईत. अंथरुणात बसून हवेत गिअर टाकत्यात. त्यांस्नी तुमीच सांगा, आता सोडा म्हणून. माजं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकत्यात."

चहा उतू जात होता. मी गॅस बंद केला, भांडं खाली ठेवलं, पुसून घेतलं. तेवढा वेळ मला मिळाला होता. यापेक्षा मोठी संधी काय असते? बाई समोर बसली होती, नवऱ्याचा जीव मागत होती, आणि तो माझ्याकडे होता. मी म्हटलं, सांगते. आणि खरंच सांगितलं — पुढच्या आठवड्यात पिंपळीला निरोप धाडला, की मिस्त्री, सोडून द्या आता, नशिबाचा भाग असतो. त्यांनी उलट निरोप दिला : नशिबाचा भाग माणसाला, लोखंडाला नसतो.

तात्यांचं राहिलं. तात्यांना दिसत नव्हतं, पण सगळा जन्म रानात मेंढरांमागे गेलेला माणूस — अंधारात कुठली मेंढी खोकली ते सांगायचे. अपघातानंतर चारेक महिन्यांनी, मी त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होते, तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "सुमन, त्या दिशी दोनदा खट् झालं हुतं का ग? एकदा आदी, एकदा मागनं?"

मी म्हटलं, इंजिनाचं लोखंड वाजलं असेल तात्या.

"असंल," म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर घरात मिस्त्रींचा विषय निघाला की ते खाटेवरून उठून बाहेर जाऊन बसायचे, काठी चाचपत. त्यांना कळलं होतं का? मी सून होते, पोटच्या पोरीसारखी वागवलेली. त्यांनी माझ्यासाठी गप्प राहायचं ठरवलं असेल, तर मी त्यांनाही त्यात ओढलं. ते गेले तेव्हाही आम्ही दोघं त्यावर काही बोललो नव्हतो.

जीप पुढे पाच वर्षं चालली. चिखलात, उसाच्या फडात, पाटाच्या कडेने. एकदाही आपोआप गिअरात पडली नाही. कशी पडेल? मिस्त्रींचं काम चोख होतं. हे अजून म्हणतात, "तेवढी एक गोष्ट सोडली तर दत्तूसारखा मिस्त्री झाला न्हाय." तेवढी एक गोष्ट. मी त्या वेळी भाजी चिरत असते किंवा चिठ्ठ्या लिहीत असते. वर बघत नाही. गाडी मी शिकले नाही. ड्रायव्हरच्या जागेवर पुन्हा बसलेही नाही. लोक समजले, भेदरली असेल बिचारी.

मधल्या काळात लोणी देवकरला कारखाने आले आणि मिस्त्री त्यातल्या एकाच्या गेटवर लागले, वॉचमन म्हणून. रोपं पोचवायला त्या रस्त्याने जाताना मी त्यांना दोनदा बघितलं. खाकी कपडे, मांडीवर रजिस्टर, येणाऱ्या ट्रकांचे नंबर डाव्या हाताने लिहीत होते. सावकाश, शाळेतल्या पोरासारखे, जीभ दातांत धरून. एखादा ट्रक गेटवर नीट गिअर न घेता घरघरला की मान वर करून ऐकायचे. मग पुन्हा रजिस्टर. मी यांना थांबू नका म्हटलं, उशीर होतोय म्हणून.

गेल्या हिवाळ्यात ते घरी आले. लुना नाही, एसटीने. थकलेत, पन्नाशीच्या मानाने फारच. जीप आता आम्ही शेडमध्ये उभीच ठेवली आहे, नवी पिकअप घेतल्यापासून. त्यांनी विचारलं, गिअरबॉक्सचं वरचं झाकण दांडीसकट काही दिवस घरी नेऊ का? रिकामपणी नीट बघायचं आहे. तेव्हा घाईत काही नजरेतून सुटलं असेल. हे म्हणाले, न्या की, गाडी कुठं जाते आहे. मिस्त्रींनी अंगठा आणि करंगळीत एकेक बोल्ट धरून काढला. मी डबा आणला. उघड्या राहिलेल्या भोकावर मी खताची पिशवी बांधली, धूळ जाऊ नये म्हणून. झाकण त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, लहान मूल घ्यावं तसं काखेत घेतलं आणि एसटीच्या फाट्यापर्यंत चालत गेले. पोचवायला गाडी काढतो म्हटलं तर नको म्हणाले.

मला वाटलं, आता तरी बघून थांबतील. सापडणार तर काहीच नाही.

मध्यंतरी पिंपळीचा एक माणूस रोपं न्यायला आला होता. पैसे देऊन झाल्यावर म्हणाला, दत्तूमामांचा तुमच्यासाठी निरोप आहे. त्यांनी झाकण लाकडाच्या घोडीवर बसवलं आहे, ओसरीत. रोज दांडी हलवून बघतात. झाकणात काहीच दोष दिसत नाही म्हणाले. तेव्हा वैनींना सांग, एकदा येऊन जा. दांडी त्या दिवशी नेमकी कुठं बघितली, ते तुमच्या हाताने धरून दाखवा. दोन बोटं अलीकडे असेल, दोन बोटं पलीकडे असेल, बघणाऱ्याची चूक होते. तुम्ही जागा दाखवली की बाकीचं मी बघतो.

मी म्हटलं, येते म्हणून सांग.

आमच्याइथून सकाळच्या एसटीने निघालं तर बारामतीला उतरून पिंपळीला जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. त्याला आज सोळा दिवस झाले. ते ओसरीत दांडी मधोमध करून वाट बघत असतील. मला जायचं आहे, ती दांडी हातात धरायची आहे, आणि पहिल्या गिअरात टाकून दाखवायची आहे. अजून गेलेले नाही.